फेऱ्यांची वही

खाणी बंद पडल्या त्या वर्षी सावर्ड्याच्या सड्यावर
आमचे अकरा ट्रक, त्यातले नऊ हप्त्यांवर.
माल टाकायचा प्लॉट रिकामा, मधोमध वजनकाटा,
त्याच्यावर दिवसभर एक बोका झोपलेला.
काटा वीस किलोखाली बोलतच नसे,
त्यामुळे बोक्याची नोंद कुठेच नाही.

बाबांनी, म्हणजे रोहिदास तिळव्यांनी,
एका दुपारी चुन्याची फक्की घेऊन
त्या लाल जमिनीवर वळणं काढली.
आई दारातून म्हणाली, "हें कितें, रांगोळी?"
ते म्हणाले, "सहाशे मीटर."

इंजिनं कुळागरांतल्या पाण्याच्या पंपांची.
सांगाडे मोतेशकाकाने जोडले.
कडेला टायर ट्रकचेच,
आत पाणी साचून रात्रभर बेडूक.
डांबर उधारीवर. थोडं अजून उधारच आहे.

पहिली शर्यत सहा तासांची.
"तीन मिनटांत संपता तें पळोवंक
उसगांवच्यान कोण येतलो?"
सात गाड्या. बक्षीस ट्रकच्या दोन नव्या बॅटऱ्या.
सगळ्यांना काट्यावर उभं केलं:
माणसं साठ नाहीतर ऐंशी,
मधलं गावात कुणीच नव्हतं.
कमी भरला त्याच्या सीटखाली
पिशवीत बांधून खनिजाचे खडे.
बंदरावर न पोचलेलं लोखंड
असं तिथल्या तिथे खूप फिरलं.

मी चौदा वर्षांची. मला शंभर पानी वही दिली,
आणि दोन टायरांवर ठेवलेली खुर्ची.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
आग्नेलच्या गाडीच्या घशात कफ,
शांबाची वळणावर शिंकायची.
हळूहळू मी न बघताच रेघ मारू लागले.

तिसऱ्या वर्षी सहाचे बारा तास केले,
आणि रात्री साडेनऊला वीज गेली.
जनरेटर खोकला आणि थांबला.
बाबा लाल झेंडा हलवत राहिले,
काळोखात लाल कुणाला दिसतो?
नऊ गाड्या आवाजावरून एकमेकींना चुकवत.

काकाने बक्षिसाच्या बॅटऱ्या उचलल्या,
तीन पावसाळे न हललेल्या ट्रकला जोडल्या
आणि चावी फिरवली.
मग दुसरा. मग खालून वेळीपांचे दोन,
फुर्तादोंचा बिनदाराचा, कुणाकुणाचे,
हप्ते थकलेले सगळे चढ चढून आले,
तोंडं आत करून उभे राहिले, दिवे लावून.
बँकेचा माणूस प्रेक्षकांत होता.
त्याने नंबर टिपले की टाळ्या वाजवल्या,
यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

मी वर बघितलं.
तेवढ्यात कुणीतरी रेषेवरून गेलं.
रेघ राहिली.

सकाळी बाबा आणि काका जिंकले, एका फेरीने.
आग्नेल दुसरा. त्याने हात मिळवला,
वही मागितली नाही. मीही पुढे केली नाही.

आता गाड्यांत चिप आहे, पडद्यावर
सेकंदाचा हजारावा भाग दिसतो.
खाणी यंदा नक्की सुरू, असं दर गणपतीला ऐकतो,
काका त्या आशेवर दोन ट्रक पुसून ठेवतो.
बाबांचे गुडघे सीटमध्ये मावत नाहीत,
ते काट्यावर खुर्ची टाकून बसतात.
वही माझ्या कपाटात, साडीच्या घडीत.

परवा आग्नेलची मुलगी आली, अकरा वर्षांची.
बाप बोटीवर, कुठल्याशा समुद्रात.
काट्याने बराच विचार करून चाळीस म्हटलं.
खडे बांधताना मी एक जास्त घातला,
मग काढला.
हेल्मेटच्या आतून ती म्हणाली,
"पपा सांगता, तांची एक फेरी हांगा उरल्या."

मी बकल आवळत राहिले, आवळलेलंच.

शेवटच्या फेरीला मी झेंडा घेऊन रेषेवर.
ती येत होती, मान पुढे काढून, बापासारखी.
मागून काट्यावरून आवाज आला,
"दी गो तिका."

मी झेंडा काखेत धरला.
ती गेली.